उत्तरेच्या उजेडाची खोली

आमच्या रत्नागिरीत त्या काळी घर म्हणजे चिऱ्याचं. जांभा दगड खाणीतून काढायचा, तासायचा, एकावर एक रचायचा आणि वर कौलं घालायची. विटांनी घर बांधणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. म्हणून बत्तीस सालच्या थंडीत मांडवीच्या बंदरावर पडावांतून विटा उतरू लागल्या, तेव्हा लोक त्या बघायला गेले. लाल, गुळगुळीत, सगळ्या एकसारख्या. केरू गवंडी एक वीट हातात घेऊन म्हणाला, “ही पावसात विरघळेल वो! बिस्किट आहे नुसतं.”

विटा धाकूशेठच्या होत्या. हे गृहस्थ आगबोटीवर सारंग होते. निम्मं आयुष्य रंगूनच्या फेऱ्यांत गेलं. तिथे त्यांनी विटांच्या तीन मजली इमारती पाहिल्या होत्या, मजल्यावर दोन-दोन बिऱ्हाडं, प्रत्येकाचं दार वेगळं. तशी एक आपल्या गावात बांधायची हे त्यांच्या डोक्यात बसलं. नकाशा काढायचं काम आमच्या ह्यांच्याकडे आलं. हे लोकल बोर्डात नकाशे काढत. शाळा, धर्मशाळा, पूल, मोऱ्या, हेच आयुष्यभर काढलेलं. राहायचं घर त्यांनी कधी काढलं नव्हतं.

धाकूशेठ आमच्या ओसरीवर बसून बोलत आणि मी आतून ऐकत असे.

“माणसाला दोन गोष्टी लागतात, भिकाजीराव. उजेड आणि आडोसा. आपल्या चिऱ्याच्या घरात आडोसा आहे पण दिवसाढवळ्या दिवा लावावा लागतो. मुंबईच्या चाळीत उजेड आहे, पण पहिल्या खोलीतला शिंकला की शेवटच्या खोलीतली म्हातारी शंभर वर्षं जग म्हणते. मला दोन्ही द्या.”

“दोन्ही एकदम कठीण आहे, शेठ.”

“सोपं असतं तर मीच काढलं नसतं?”

शेठ गेले की हे ट्रेसिंगचं कापड जमिनीवर पसरून त्याच्यावर ओणवे होत. पंधरा दिवस नुसत्या रेघा मारल्या आणि पुसल्या. एका संध्याकाळी मान वर न करता मला म्हणाले, “तुला काय हवं असतं घरात?”

मला लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. मी एकोणीस वर्षांची होते. मला काय हवं, असं मला कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्यावर पटकन उत्तर देता येत नाही हेही मला माहीत नव्हतं. मी तीन दिवस घेतले.

त्या वेळी आम्ही झाडगावात एका घराच्या अर्ध्या भागात राहत होतो. पुढे पडवी, तिला लागून रस्ता, रस्त्यापलीकडे विहीर. कावळा शिवला की चार दिवस मी त्या पडवीत बसायची. दुसरी जागाच नव्हती. विहिरीवर येणारी प्रत्येक बाई मला बघायची, कचेरीत जाणारे पुरुषही बघायचे आणि नाही बघितलं असं दाखवायचे. मूल नसलेल्या बाईचं पडवीत बसणं म्हणजे दर महिन्याला गावाला वर्दी देणं. “परत बसली गो ही,” असं एकीने दुसरीला म्हटलेलं मी ऐकलं होतं. ते गुहागरला माझ्या सासूबाईंपर्यंत जायचं. त्या दिवाळीला त्यांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं होतं, “आणखी एक वर्ष बघते. पुढच्या दिवाळीपर्यंत काही झालं नाही तर बुरोंडीची मुलगी बघून ठेवली आहे. तुला कोणी घराबाहेर काढणार नाही. दोघी राहा.” त्यांचा स्वर रागाचा नव्हता. सुपारी मोजून दिल्यासारखा होता.  आईपुढे हे कधीच काही म्हणत नसत.

तिसऱ्या दिवशी ताट वाढताना मी म्हटलं, “बसायला जागा हवी.”

“कुठे बसायला?”

“बाहेरची असताना. कोणाला न दिसणारी.”

ह्यांचा घास हातात राहिला. कान लाल झाले. मला वाटलं, बोलायला नको होतं. पण जेवण झाल्यावर त्यांनी कापड पसरलं आणि स्वयंपाकघराच्या बाजूला, उत्तरेच्या अंगाला एक लहान चौकोन काढला. मग त्या चौकोनाकडे बघत बसले. आडोसा द्यायचा तर भिंत बंद करावी लागणार, आणि बंद केली की काळोख. चार दिवस काळोखात बसायची शिक्षा आणखी वेगळी.

आठवड्याने त्यांनी केरूला बोलावलं आणि घराच्या कडेला, रस्त्यासमोर, नुसत्या विटा रचून एक भिंत उभी करायला लावली. मध्ये मध्ये वीट सोडून भोकं ठेवायची, आणि हातभर मागे तशीच दुसरी भिंत.

“साहेब, ही भिंत की चाळण?”

“दोन चाळणी. पहिलीचं भोक दुसरीच्या विटेसमोर आलं पाहिजे.”

“मग आत उजेड कसा यायचा?”

“आतल्या अंगाला चुना लावायचा. उजेड विटेवर आपटला तरी उसळून पुढे येतो. नजर आपटली की तिथेच थांबते.”

“म्हणजे माणसापेक्षा उजेडाला अक्कल जास्त,” केरू म्हणाला आणि विटा रचू लागला.

मग ह्यांनी मला त्या भिंतीमागे पाटावर बसवलं आणि स्वतः रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

“दिसते का?” मी विचारलं.

“पदर दिसतो.”

केरूने एक वीट सरकवली.

“आता?”

“आता बांगडी चमकते. हात मांडीवर घे. हां. आता नाही.”

“खरंच नाही?”

“कोणीच नाही तिथे,” हे म्हणाले.

आणि मला मात्र भोकांतून तिरपे बघितलं की रस्ता दिसत होता, आणि रस्त्यावर उभे असलेले हे. धोतराचा सोगा हातात धरून, मान वाकडी करून, नसलेल्या मला शोधत असलेले. मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. लग्नानंतर आम्ही दोघं एकत्र खेळलो असं म्हणायचं तर ती एकच सकाळ.

वैशाखात, पावसाच्या आधी, बिल्डिंग उभी राहिली. लोक तिला विटांची बिल्डिंगच म्हणत. पुढच्या अंगाला तिन्ही मजल्यांना गॅलरी, खाली रस्त्यालगत लांब ओटा. मागे विहीर, आणि प्रत्येक स्वयंपाकघराच्या खिडकीला रहाट, म्हणजे ज्याने त्याने आपापल्या खिडकीतून पाणी ओढावं, कोण ओढतंय ते कोणाला दिसू नये. सहाही बिऱ्हाडांना उत्तरेची ती खोली होती. तिला मोरीकडे उघडणारं वेगळं दार आणि मागचा जिना. धाकूशेठनी प्रत्येक बिऱ्हाडकरूला फिरवून दाखवलं. ती खोली कशाची, हे मात्र ते न बोलता नुसतं खाकरले.

आम्ही मधल्या मजल्यावर आलो. समोर गंगुबाई, कोर्टातल्या कारकुनाची आई, गुहागरचीच माहेरवाशीण. खाली तुळसा, तिचा नवरा मुंबईला गिरणीत, पदरात तीन मुलं.

ज्येष्ठात मी पहिल्यांदा त्या खोलीत बसले. उजेड म्हणजे काय होता! ऊन नाही, सावली नाही, दिवसभर दुधासारखा एकसारखा. पाऊस नैर्ऋत्येकडून यायचा, त्यामुळे थेंब आत येत नव्हता. भोकांतून माडांचे शेंडे दिसत. हे कचेरीत जायच्या आधी भात आणि कुळथाची पिठी करून उंबऱ्याशी ताट सरकवत, संध्याकाळी परत तेच. एवढंच विचारत, “डोळ्यांना त्रास नाही ना?” मी नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला खालून तुळसाचं हसू ऐकू आलं. तीही त्याच दिवसांत बाहेरची होती. पण तिने, बाकीच्या बिऱ्हाडांसारखीच, आपल्या खोलीत शेणी आणि नारळाची सोडणं भरून ठेवली होती आणि ती खाली ओट्यावर पोत्यावर बसली होती. येणाऱ्या जाणाऱ्याला हाका मारत होती. कोळणीला थांबवून बांगड्याचा भाव काढत होती, घ्यायचा नव्हता तरी. बाकीच्या बायकाही चार हात लांब बसून तिच्याशी गप्पा मारत होत्या. नंतर एकदा ती मला म्हणाली होती, “चार दिवस कामाला सुट्टी मिळते ती काय भिंतीकडे बघत घालवू? ती खोली कोणी काढली कोण जाणे, त्याची बायको मुकी असेल.” नकाशा ह्यांनी काढला ते तिला माहीत होतं. मुद्दामच म्हणाली.

मी चार दिवसांत त्या ‘नाही’पलीकडे एक शब्द बोलले नाही. झाडगावच्या पडवीत मला लाज वाटायची, पण जाता जाता कोणीतरी “जेवलीस का गो?” तरी म्हणायचं. इथे मी नव्हतेच.

आषाढातही तसंच झालं. श्रावण लागला तेव्हा तुळसा एका सकाळी वर आली, दारात उभी राहिली आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघून म्हणाली, “काय गो मथुरा, कधी सांगणार होतीस?”

“काय?”

“काय म्हणे! इथे राहायला आल्यापासून तू एकदा बसलेली दिसली नाहीस. गंगुमावशी कालच बोटं मोजत होती. तिसरा ना?”

आता मी काय ते सांगायला हवं होतं. वाक्य अगदी लहान होतं. पण तुळसा मोरीजवळ टेकली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “पहिलं आहे, जिना जपून उतर हो बाय.” सहा वर्षांत माझ्या गुडघ्यावर कोणी हात ठेवला नव्हता. मी खाली बघितलं. तिने त्याला लाज समजलं.

त्या दुपारपासून माझं दार बंद राहिलंच नाही. तुळसाने काकडीची तवसोळी पाठवली. गंगुमावशीने चिंचेचा गोळा आणि आंबोशी. तिसऱ्या मजल्यावरची हौसा मला उलट्या होत नाहीत म्हणून काळजी करू लागली. “उंच बाईचं पोट उशिरा दिसतं,” असं त्यांनी आपसांत ठरवूनही टाकलं. मी खात होते, हसत होते. मी एकदाही हो म्हटलं नाही. हे मी आज स्वतःला सांगते तेव्हा माझंच मला पुरत नाही.

ह्यांना ते कचेरीत कळलं. संध्याकाळी टोपी खुंटीला अडकवून माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

“रघू शिरस्तेदार पेढे मागत होता.”

मी चुलीत फुंकत राहिले.

“तू काय सांगितलंस ह्या बायकांना?”

“काहीच नाही.”

“मग सांग की तसं नाही.”

“कसं सांगू? तुम्ही सांगा.”

“मी पुरुष माणूस काय सांगू? माझी बायको दर महिन्याला बसते म्हणून?”

खरं होतं. ही गोष्ट आमच्यात कोणी तोंडाने सांगत नसे. बाई बाहेर बसली की लोकांना कळे, एवढीच तिची भाषा. ह्यांनी माझ्यासाठी ती बंद केली होती, मी मागितलं म्हणून. दोघांनाही ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण ह्यांनी खुंटीवरची टोपी परत काढली आणि ते बाहेर गेले.

तोवर गंगुमावशीने उत्साहाने गुहागरला कार्ड धाडलं होतं. सासूबाईंचं उत्तर आलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. नारळी पुनव झाली की पहिल्या मचव्याने येते. हिरवा खण घेऊन ठेवला आहे, चोरचोळी मीच करणार, कोणाला बोलू नका. चोरचोळी म्हणजे पोट दिसायच्या आधी गरोदर बाईला गुपचूप घालायची चोळी. पत्राच्या शेवटी ओळ होती, बुरोंडीच्या लोकांना नाही म्हणून कळवलं आहे.

मी ते पत्र डब्याखाली ठेवलं. सासूबाई येऊन एका दिवसात ओळखणार होत्या. मग मी सासूला फसवलं, पोट नसताना तीन आठवडे लोकांचं खाल्लं, असं होणार होतं, आणि दिवाळीची वाट बघायची गरजही उरणार नव्हती.

पुनवेनंतर चौथ्या दिवशी मचवा येणार असा निरोप आला. सकाळी कचेरीत जाताना हे म्हणाले, “आई दुपारपर्यंत येईल. सांगशील ना?”

“सांगीन.”

ते गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून बोलून बघितलं. आई, तसं काही नाही. आई, लोकांचा गैरसमज झाला. आई, मी काही म्हटलं नव्हतं. प्रत्येक वाक्य खोटं बोलणाऱ्या बाईचं वाटत होतं. मग मी ठरवलं, बोलायचंच नाही. जसं पूर्वी कळायचं तसं कळू दे. मी जुनं लुगडं नेसले, पोतं आणि तांब्या घेतला, पुढच्या जिन्याने खाली उतरले आणि ओट्यावर, सगळ्या रस्त्याला दिसेल असं, जाऊन बसले.

माझे दिवस अजून पाच दिवस लांब होते. पण खरं सांगायला दुसरा मार्ग मला दिसला नाही.

तुळसा बाहेर आली. “अगो, ओल्या ओट्यावर काय बसलीस? ऊठ.” ती हात द्यायला वाकली.

“शिवू नको,” मी म्हटलं.

ती तशीच वाकलेली राहिली. तिने पोतं बघितलं, तांब्या बघितला.

“कधीपासून?”

“सकाळपासून.”

तुळसाने दोन्ही हातांनी कपाळ धरलं आणि ती रडायला लागली. खोटं नाही, अगदी पोटातून. “गेलं गो,” ती वर तोंड करून गंगुमावशीला ओरडली, “मथुराचं गेलं!”

मी काय सांगून बसले ते मला तेव्हा समजलं. चौथ्या महिन्यातली बाई बाहेर बसली तर त्याचा अर्थ एकच होतो. बायका धावत खाली आल्या, चार हात अंतर ठेवून माझ्याभोवती बसल्या. हौसाने सांगितलं, तिचेही दोन असेच गेले, कोणाला ठाऊक नाही. हे ती जन्मात पहिल्यांदा बोलत होती. मी तोंड उघडलं. “तसं नाही,” असं मी म्हटलंसुद्धा. “असंच वाटतं गो पहिल्यांदा,” गंगुमावशी म्हणाली.

सासूबाई दुपारी हमालाच्या डोक्यावर नारळाचं पोतं देऊन आल्या. तुळसा फाटकापर्यंत सामोरी गेली आणि तिने तिथेच सांगितलं. सासूबाई मटकन पायरीवर बसल्या.  मग माझ्याजवळ आल्या, शिवायचं नाही म्हणून हात पदरात गुंडाळून उभ्या राहिल्या.

“बाय माझे,” त्या म्हणाल्या. मला त्या नेहमी ‘अगो’ म्हणत. “पोटात दुखतं काय?”

“नाही.”

“सांगणार नाहीस तू. मोठी सोशीक आहेस.” मग स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाल्या, “एकदा राहिलं म्हणजे परत राहील. वांझ नाहीस. मीच जिभेने पाप केलं.”

संध्याकाळी हे आले. ओट्यावर मला बघून थबकले. चार दिवस ताट तेच वाढत, माझे दिवस त्यांना माझ्याइतके पाठ होते. सासूबाई म्हणाल्या, “तुझं मूल गेलं रे.” ह्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मग वर गेले. थोड्या वेळाने चुलीचा धूर आला.

वारा लागेल म्हणून सासूबाईंनी मला ओट्यावरून उठवून उत्तरेच्या खोलीत नेलं आणि चाराचे दहा दिवस केले. मागच्या जिन्यावर आळीपाळीने बायका येऊन बसत. ती खोली एवढी भरलेली मी पुन्हा पाहिली नाही. पाचव्या दिवशी माझे खरे दिवस आले, त्यामुळे कोणाला काही शंका घ्यायचं कारण राहिलं नाही. खण सासूबाई परत घेऊन गेल्या, पुढच्या वेळेसाठी. बुरोंडीची मुलगी त्या वर्षी कोणाच्या तरी घरी नांदायला गेली. सासूबाईंनी तो विषय परत काढला नाही.

पुढची वेळ आली नाही. हे बोर्डात नकाशे काढत राहिले. पूल आणि मोऱ्या. एकदा, दोनेक वर्षांनी, पेन्सिलीला टोक करता करता म्हणाले, “त्या दिवशी तुझी तारीख नव्हती.”

“नव्हती.”

टोक झालं होतं तरी ते करत राहिले. आम्ही त्यावर तेवढंच बोललो. बिल्डिंगमध्ये मात्र वर्षं मोजली जात होती. तुळसाच्या धाकट्याचं बारसं झालं तेव्हा ती म्हणाली, “तुझं असतं तर आता चालत असतं.” हौसा म्हणायची, “शाळेत घालायचं वय झालं असतं.” मी मान हलवायची. हळूहळू मीही मोजायला लागले. ह्यांच्यासमोर नाही.

एकोणचाळीसच्या उन्हाळ्यात सासूबाई गुहागरला अंथरुणाला खिळल्या. आम्ही दोघं गेलो. शेवटच्या आठवड्यात त्यांना माणसं ओळखू येत होती, पण बोलणं थोडंच. मी पाय चेपत होते, हे उंबऱ्यात उभे होते. सासूबाईंनी मला जवळ बोलावलं.

“चौथ्या महिन्यात कळतं म्हणतात. तुला दिसलं असेल. मुलगा होता की मुलगी? मी कधी विचारलं नाही.”

मी ह्यांच्याकडे बघितलं नाही.

“मुलगी,” मी म्हटलं.

सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. “तुझ्यासारखी उंच झाली असती,” त्या म्हणाल्या.

उंबऱ्यातली सावली सरकली. मी उठून दारात आले तेव्हा हे पोफळींमधून खाली विहिरीकडे चालले होते. विहिरीवर त्यांनी पाणी काढलं नाही, हातही धुतले नाहीत. तिथे पाठमोरे उभे राहिले. हाक मारली असती तर आले असते. मी परत आत जाऊन पाय चेपायला बसले.